रिकाम्या खोलीची नोंद

१

सर रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संस्थेत येत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. पण कुणी त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं आणि ते स्वतःहून थांबले नव्हते. आल्यावर कोट खुंटीला लावायचा, चष्मा पुसायचा, खिडकी बोटभर उघडायची, मग संगणक. मध्येच उठून दार नीट लागलंय का ते बघायचं. ही जुनी खोड. घरून निघतानासुद्धा ते गॅस बंद आहे का हे पाहायला जिन्यावरून दोनदा परत येत. दुसऱ्यांदा आल्यावर बायको म्हणे, "आता तिसऱ्यांदा येऊ नका, चहा टाकावा लागेल."

एका थंड, धुळकट ग्रहाभोवती तीस वर्षं एक यान फिरत होतं आणि त्या यानावर सरांचं यंत्र होतं. ते यंत्र डोळ्यांना दिसणारा उजेड पाहत नसे, ऊब पाहत असे. जगातली प्रत्येक वस्तू आपापल्या उबेने मंद चमकत असते. तो अवरक्त प्रकाश पसरून त्याचा वर्णपट काढला की प्रत्येक पदार्थ ठरलेल्या जागी खाच पाडून गेलेला दिसतो. पंधरा मायक्रॉन तरंगलांबीपाशी खोल दरी दिसली, तर हवेत कार्बन डायऑक्साइड आहे. नऊच्या आसपास पसरट खळगा असला, तर जमिनीवर वाळूची धूळ. सर त्याला हजेरीपत्रक म्हणत. कोण आलंय, कोण नाही, सगळं तिथे लिहिलेलं असतं. फक्त वाचता यायला हवं.

पण यंत्राच्या अंगालाही ऊब असते. म्हणून सरांचा पहिला धडा असे: आधी आपलं वजा करा, मग ग्रहाबद्दल बोला. त्यासाठी यान उडण्यापूर्वी यंत्राला संस्थेच्या तळघरातल्या थंड खोलीत ठेवून, समोरच्या गार काळ्या पत्र्याकडे पाहायला लावलं होतं. आत कुणी नाही, काही नाही. या वेळी यंत्र जे नोंदवेल ते त्याचं स्वतःचं. ही 'रिकामी नोंद'. तिचा एक नियम होता. शेवटचा माणूस बाहेर येतो, जाड दार ओढतो, दारातल्या गोल काचेतून आत बघतो आणि बाहेर टेबलावर ठेवलेल्या वहीत एकच शब्द लिहितो, 'रिकामी'. खाली सही. त्यानंतर यंत्र सुरू.

ती नोंद बिघडली होती. तिच्यात माणूस दिसत होता. अंगाची ऊब, चौतीस अंश, यंत्राच्या दृष्टीच्या, म्हणजे त्याला दिसणाऱ्या सगळ्या जागेच्या, चाळिसाव्या भागाएवढी. आणि सहा मायक्रॉनजवळ दोन जुळ्या खाचा, ज्या लोकरीच्या असतात. त्या दिवशी कामावर असलेला तंत्रज्ञ बारा महिने गळ्यात लोकरी मफलर घालून वावरे. वहीत त्याची सही होती, पण 'रिकामी' हा शब्द नव्हता. आणखी पुरावा कशाला हवा? नोंद पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. सरांनी गणित करून नोंदीतून त्या माणसाची ऊब काढून टाकली आणि यान वेळेवर उडालं. तंत्रज्ञाला यंत्रांपासून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. तिथूनच तो निवृत्त झाला.

सरांच्या त्या गणिताचं नाव लांबलचक होतं, पण संस्थेत सगळे त्याला 'मफलर' म्हणत. "मफलर काढला का?" असं त्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी पोरं एकमेकांना विचारत आणि हसत.

मफलर काढल्यावर ग्रहाभोवती एक विरळ, कोमट धुकं दिसू लागलं. ते आधी कुणालाच दिसलं नव्हतं. दिवसा, रात्री, ध्रुवांवर, सगळीकडे. आणि दरवर्षी थोडं दाट. सरांचं नाव झालं ते या धुक्यामुळे.

२

सोमवारी ताई त्यांच्या खोलीत आली ती संगणक छातीशी धरूनच. चाळिशीची बाई, कामाला वाघ. संचालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना दटावायची, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून पस्तीस वर्षांनी मोठे असलेले सरही.

तीस वर्षांचा सगळा संग्रह शुक्रवारी कायमचा बंद होणार होता. यानाचं इंधन संपत आलं होतं. त्याआधी तिने सगळे आलेख एकदा नव्याने काढायला लावले होते. गेल्या शनिवारी मुलीच्या शाळेत जायची घाई होती. त्या गडबडीत ती मफलर काढायला विसरली. नोंदीतला माणूस तसाच राहिला. खरं तर त्यामुळे प्रत्येक आलेखात एक खोटा खड्डा पडायला हवा होता.

"पडला नाही सर," ती म्हणाली. "उलट पहिल्या वर्षाचे आलेख आरशासारखे स्वच्छ आले. धुकं गेलं."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. जी जास्तीची ऊब थंड खोलीतल्या नोंदीत होती, तीच ग्रहाच्या आलेखांतही होती. सारखी होती म्हणून वजाबाकीत दोन्ही गेल्या.

ताईने त्याचं कारणही शोधून आणलं होतं. यंत्राचाच एखादा भाग गरम राहत असणार, एखादा स्क्रू, एखादी तार. नंतरच्या वर्षांत थोडं थोडं उरत होतं, म्हणजे तो भाग वयानुसार जास्त तापत असणार. "म्हातारपणी पाय सुजतात तसं," ती म्हणाली आणि मग जीभ चावली. सर हसले. कारण पटण्यासारखं होतं. धुकं नव्हतंच कधी. तीस वर्षं त्यांनी स्वतःच्या यंत्राच्या स्क्रूवर व्याख्यानं दिली होती. हे कळल्यावर माणसाने कोलमडावं, पण सरांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली.

"म्हणजे तो आत नव्हता," ते म्हणाले.

"कोण?"

"मफलर."

ताईला क्षणभर कळेना. मफलर हा कुणी माणूस होता हे ती विसरून गेली होती. मग तिने संग्रहाची टिपणी उघडून दाखवली. सरांनीच लिहिलेली ओळ होती: 'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे संदर्भ नोंद दूषित.' शुक्रवारनंतर ती कुणालाही बदलता येणार नव्हती. पुढे शंभर वर्षं जो कोणी तो संग्रह उघडेल, त्याला पहिल्या पानावर ही ओळ भेटेल.

संध्याकाळी सरांनी बायकोला सांगितलं. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. हातातलं विणकाम न थांबवता ती म्हणाली, "तो आला होता आपल्याकडे, आठवतं? बस म्हटलं तरी बसला नाही. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, साहेब, मी आत नव्हतो. आणि तुम्ही त्याला वर्णपट समजावून सांगितलात." दोन टाके घालून पुढे म्हणाली, "मी पोरांना सांगायचे, वजाबाकी जुळली नाही की आधी आपली चूक बघा. दुसऱ्याच्या डोक्यावर खापर नंतर फोडा."

३

सरांची खोड त्यांना स्वस्थ बसू देईना. स्क्रूचं कारण पटलं होतं, तरी जिन्यावरून परत जाऊन गॅस बघावा तसं त्यांनी बुधवारी एकदा बघायचं ठरवलं.

ग्रह थंड असल्याने सहा मायक्रॉनपाशी तिथून उजेड जवळजवळ येतच नाही. तो भाग निरुपयोगी म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक आलेखाच्या कडेला कापला जाई. कापायला सरांनीच सांगितलं होतं. आता त्यांनी ताईला कापलेले तुकडे काढायला लावले आणि एकेका वर्षाचे एकावर एक रचले. एका आलेखात नुसती खरखर दिसे. हजारो रचल्यावर खरखर बसली.

सहा मायक्रॉनजवळ दोन खाचा होत्या. जुळ्या.

बाहेर कुणीतरी खुर्ची ओढत नेत होतं, तिचा आवाज सगळ्या व्हरांड्यातून गेला. मग ताईने अगदी शाळेतल्या मुलीसारखं विचारलं, यानावर लोकरीचं काही होतं का. सर नाही म्हणाले. यानाचा खिळा न् खिळा त्यांना पाठ होता.

मग त्यांनी दुसरी गोष्ट तपासली आणि नंतर ती तपासली नसती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. स्क्रू जास्त तापला तर त्याचं तापमान वाढायला हवं. ते वाढलं नव्हतं. पहिल्या वर्षी चौतीस अंश, मागच्या महिन्यात चौतीस अंश. वाढली होती ती जागा. पहिल्या वर्षी दृष्टीचा चाळिसावा भाग. दहाव्या वर्षी एकतिसावा. विसाव्या वर्षी एकविसावा. मागच्या महिन्यात बारावा.

जी वस्तू जास्त गरम होत नाही, पण जास्त जागा व्यापते, तिच्याबद्दल एकच सांगता येतं. "ती जवळ येत—" ताईच्या ओठांवर आलं होतं. सरांनी हात वर केला.

"तुकडे पुन्हा कापून टाका," ते म्हणाले. "मला एका माणसाकडे जाऊन येऊ दे."

आपलं काहीतरी चुकत असणार असं ते घरी जाताना स्वतःला समजावत होते. पंचाहत्तर वर्षांचं डोकं. कुठेतरी एखादी फाइल दोनदा रचली असेल. माणूस हजेरीपत्रकात स्वतःचंच नाव वाचतो, असंही होतं. ते दोनदा पटलं आणि तिसऱ्यांदा पटेना.

४

तंत्रज्ञ मुलासुनेकडे राहत होता, दुसऱ्या मजल्यावर. गुरुवारी दुपारी सुनेने दार उघडलं, सरांना बसवलं आणि बाबा गॅलरीत आहेत, ऊन घेतायत, असं सांगितलं. दिवस गारठ्याचा होता. तरी म्हाताऱ्याच्या शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. सून कौतुकाने आणि थोड्या वैतागाने म्हणाली, "गळ्याभोवती काही चालत नाही त्यांना. लग्नात कॉलरचं बटण लावा म्हटलं तर जेवले नाहीत."

सर त्या उघड्या गळ्याकडे बघत राहिले. ज्याला ते एकतीस वर्षं मफलर म्हणत आले होते, त्याने तेवढीच वर्षं मफलर घातला नव्हता.

सून चहा करायला गेली. सरांनी घसा खाकरला आणि, "तुम्ही कसे आहात," असं विचारलं.

"अहोजाहो करताय," तंत्रज्ञ म्हणाला. "म्हणजे मोठंच काहीतरी बिनसलंय."

सरांनी घरातून बरंच काही ठरवून आणलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं. "त्या दिवशी तुम्ही आत नव्हता."

"हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो. माझं चुकलं. उद्या मी ते लिहून बदलणार आहे." सर थांबले. मग त्यांच्यातला तो गॅस बघणारा माणूस बोललाच. "पण वहीत 'रिकामी' का नाही लिहिलंत? एक शब्द. तो असता तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता."

तंत्रज्ञाने खाली रस्त्याकडे पाहिलं. एक सायकलवाला घंटी वाजवत वळणापलीकडे गेला.

"साहेब, मी खोलीत नव्हतो एवढंच मी म्हणालो होतो. खोली रिकामी होती, असं मी कधी म्हणालो नाही."

मग त्याने हळूहळू सांगितलं. काम करताना मफलर तारांत अडकत होता म्हणून त्याने तो आतल्या खुंटीला टांगला. बाहेर येताना विसरला. दार लावलं, काचेतून पाहिलं. खुंटी काचेच्या बरोबर समोर होती आणि ती मोकळी होती. पडला असेल म्हणून तो परत आत गेला, तर मफलर खुंटीवरच होता. उणे वीस अंशांच्या त्या खोलीत त्याने मफलर हातात घेतला.

"गरम होता," तो म्हणाला. "आत्ताच कुणीतरी गळ्यातून काढून ठेवल्यासारखा."

तो मफलर त्याने परत खुंटीवर ठेवला, बाहेर आला, दार लावलं आणि पुन्हा काचेतून पाहिलं. खुंटी मोकळी. सही केली, शब्द लिहिला नाही. खोटं लिहवेना आणि खरं लिहायला शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी यंत्र पेटीत भरलं तेव्हा मफलर कुठेच नव्हता. यंत्राबरोबर गेला म्हणायचा, असं म्हणून तो हसला. हसताना त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि परत आला.

तेव्हाच का सांगितलं नाही, असं सरांनी विचारलं.

"वेडा ठरण्यापेक्षा निष्काळजी बरा. निष्काळजी माणसाला निदान स्टोअरमध्ये तरी ठेवतात."

चहा झाला. सर उठले. दारापर्यंत आल्यावर तंत्रज्ञाने मागून हलकेच विचारलं. स्टोअरमध्ये असताना एकदा त्याने ती वही पाहिली होती. त्याच्या सहीवर 'रिकामी' शब्द लिहिलेला होता. अक्षर त्याचं नव्हतं, मग कुणाचं होतं?

"माझं होतं," सर म्हणाले. "शब्दाशिवाय कागद पुढे सरकत नव्हते."

म्हातारा रागावला नाही. नुसती मान हलवली. "म्हणजे खोली रिकामी असल्याचं तुम्ही सांगितलंत साहेब. मी नाही."

५

शुक्रवारी सकाळी साडेनऊला सर आणि ताई तळघरात उतरले. थंड खोलीचं गारठवणारं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं. आता तिथे जुनं सामान ठेवत. वही मात्र दाराबाहेरच्या टेबलावर, साखळीला बांधलेली, होती तशी होती. टिपणीची ओळ ताईने वरच बदलली होती. पण टिपणीच्या मुळाशी वही होती आणि दुपारी तिचे फोटो काढून संग्रहात जाणार होते.

सरांनी ते पान शोधलं. स्वतःचं एकतीस वर्षांपूर्वीचं ठाम अक्षर त्यांना अनोळखी वाटलं. त्यावर एक सरळ रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं: 'हा शब्द माझा आहे. तंत्रज्ञ खोलीत नव्हता. खोली रिकामी असल्याचे त्याने म्हटलेले नाही.' तारीख घातली. खाली सही केली.

ताईने वाचलं. शेवटचं वाक्य ठेवायचंच का, असं तिने विचारलं. वाचणारे विचारतील, मग आत होतं काय. सर म्हणाले, "विचारू देत." एवढ्यात तिचा फोन वाजला. सकाळचा आलेख आला होता. तळघरात नीट उघडेना म्हणून ती जिन्यापाशी गेली.

खरं तर सरांचं काम संपलं होतं. पण दार समोर होतं आणि खोड जुनी होती. एकदा बघून घ्यावं. खुंटी मोकळी असेल, मनातलं जाईल. दुपारी निवांत जेवता येईल.

दार जड होतं, पण उघडलं. आत लोखंडी मांडण्या, प्लास्टिकच्या कापडाखाली यंत्राचा न उडालेला जुळा भाऊ, खोकी. सगळ्यावर बोटभर धूळ. दिवा लागायला दोन क्षण लागले. काचेच्या बरोबर समोर, भिंतीवर खुंटी होती.

खुंटीवर करड्या रंगाचा मफलर होता. त्याच्यावर धूळ नव्हती.

स्टोअरवाल्या कुणाचा तरी असेल, असं सरांना वाटलं. अगदी सरळ आहे. थंडीचे दिवस आहेत, माणूस टांगतो आणि विसरतो. ते शांतपणे चार पावलं पुढे गेले. आपण शांत आहोत हे त्यांना जाणवलंही.

"सर," बाहेरून ताईचा आवाज आला. आवाजात आनंद होता. "आजचा आलेख अगदी स्वच्छ आहे. तुकडे कापायच्या आधीचा पाहिला. धुकं नाही, त्या खाचा नाहीत. तिथे आता जास्तीचं काहीच नाही."

सरांचा हात लोकरीवर होता.

बायकोचा हात धरावा तेवढी ऊब होती त्यात.

त्यांनी हात काढून घेतला. मागे वळून न बघता ते आले तेवढीच चार पावलं परत गेले, बाहेर आले आणि दोन्ही हातांनी दार ओढून घेतलं. ताई टेबलापाशी पोचली होती. दार उघडलं म्हणजे नोंद करायला हवी. नियम तिलाही माहीत होता. ताईने वहीत आजची तारीख घातली आणि पेन धरून ती थांबली.

"बघून घ्या सर, मी लिहिते. रिकामी, ना?"

सरांनी गोल काचेला डोळा लावला. मांडण्या, खोकी, प्लास्टिकचं कापड. समोर मोकळी खुंटी. ते जितका वेळ बघायचं तितकाच वेळ बघत राहिले, नियमाप्रमाणे. मग त्यांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. सहीच्या वरची जागा मोकळी ठेवली.

ताईने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग सरांकडे. मग ती काचेकडे वळली. सरांनी तिचा कोपर धरला.

"ताई, नको. चला."

जिना चढताना सर एकदाही मागे वळले नाहीत. ताई मागून येत होती. वर उजेडात आल्यावर तिला दिसलं, की गारठा असूनही सरांनी कोट हातात घेतला होता आणि दुसऱ्या हाताने ते शर्टाचं वरचं बटण काढत होते.